घरातलं एरंडेल आणि परळचं सलाईन



गेल्या काही दिवसांत एकच फॉरवर्ड मला तीन वेगवेगळ्या ग्रुपवर आला. छातीत गाठ लागली तर घाबरू नका, रोज रात्री एरंडेल कोमट करून चोळा, वरून पान बांधा, महिन्याभरात गाठ विरघळते, ऑपरेशनची गरज नाही. खाली नेहमीची ओळ, जास्तीत जास्त ग्रुपवर पाठवा, पुण्य लागेल. त्याखाली हात जोडलेल्या चित्रांची रांग. एका ताईंनी मला वेगळा मेसेज करून विचारलं, "दादा, तुम्ही जुन्या गोष्टींवर लिहिता, यात काही तथ्य आहे का?"

ताई, तथ्य आहे, पण ते त्या फॉरवर्डमध्ये सांगितलंय तिथे नाही. एरंडेल स्तनाच्या कॅन्सरच्या उपचारात खरंच वापरतात. परळच्या टाटा हॉस्पिटलात वापरतात, जगभरातही वापरतात. फक्त ते चोळून नाही आणि पिऊनही नाही. ते तिथपर्यंत कसं पोचलं, याची गोष्ट आज सांगतो. पोस्ट लांब आहे, पण एरंडाचं गुऱ्हाळ होऊ देणार नाही. घरातल्या बायकांना वाचायला द्या, आणि पुरुषांनो, तुम्हीही वाचा.

आधी आपल्या घरापासून सुरू करू. एरंडेल आपल्याला नवीन नाही. पोट साफ होत नसेल तर एरंडेल, सांधे धरले तर कणकेत एरंडेल, सुजेवर एरंडाचं गरम पान. बाळंतिणीच्या छातीत दूध साकळलं, गाठ आली की जुन्या बायका शेकायला आणि पान बांधायला सांगायच्या. दूध साकळून आलेली गाठ शेकल्याने आणि दूध काढल्याने बऱ्याचदा मोकळी होतेही. म्हणून पिढ्यान् पिढ्या एक समजूत पक्की झाली, की छातीतली गाठ म्हणजे दुधाची गाठ, आणि तिला तेल-शेक केलं की ती जाते. ही समजूत मूर्खपणातून आलेली नाही, अनुभवातून आलेली आहे. पण पंचेचाळीस-पन्नाशीच्या बाईच्या छातीत न दुखणारी, कडक गाठ लागते तेव्हा ती दुधाची नसते. अनुभव एका गाठीचा आणि उपाय दुसऱ्याच गाठीवर, असा हा घोळ आहे.

फॉरवर्डवाले "आयुर्वेदात सांगितलंय" म्हणतात. मग आयुर्वेदाचंच बघू. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात दहाव्या अध्यायात स्तनरोग आहेत आणि अकराव्यात ग्रंथी, अपची, अर्बुद, गलगंड. अर्बुदाचं वर्णन वाचलं की अंगावर काटा येतो. गोल, घट्ट बसलेली, फारशी न दुखणारी, खोल मुळाची, हळूहळू वाढणारी आणि न पिकणारी गाठ. आजचे डॉक्टर ज्या गाठीला सगळ्यात जास्त घाबरतात तिच्याशी हे वर्णन बरंच जुळतं. त्यावर लेप आहेत, शेक आहे, डाग देणं आहे, शस्त्राने काढणंही आहे. पण चिकित्सास्थानात एक गोष्ट स्पष्ट सांगितली आहे. अर्बुद काढायचं तर पूर्ण काढा, थोडं जरी मागे राहिलं तरी ते पुन्हा लवकर वाढतं. म्हणजे सुश्रुताच्या नावाने "ऑपरेशन नको" सांगणाऱ्यांनी सुश्रुत उघडून बघितलेला नाही.

झाडाच्या तेलाने मोठा आजार हटवायचा प्रयत्न आपल्याच भागात एकदा खरंच झाला होता. सह्याद्रीत आणि कोकणात कडू कवठ नावाचं झाड असतं. त्याच्या बियांचं तेल आणि त्याच्या जातभाईंचं चालमोगरा तेल कुष्ठरोगावर शेकडो वर्षं वापरात होतं. प्यायलं की ओकारी यायची, टोचलं की गळू व्हायचं. १९१५-१६ च्या सुमारास हवाईमध्ये अ‍ॅलिस बॉल नावाच्या तरुण कृष्णवर्णीय रसायनतज्ज्ञ बाईने त्या तेलातले घटक वेगळे करून टोचता येईल असं रूप दिलं. वयाच्या चोविसाव्या वर्षी ती गेली. तिच्या पद्धतीची इंजेक्शनं मात्र पुढची पंचवीसेक वर्षं वापरात राहिली. मग १९४० च्या दशकात सल्फोन गटाची औषधं आली, डॅप्सोन आलं, आणि तेल मागे पडलं. कोणी तेलाविरुद्ध कट केला नव्हता. जास्त चांगलं औषध मिळालं, रोगी जास्त बरे झाले, बास.

आता कॅन्सरकडे येऊ. १९३१ साली लेडी मेहेरबाई टाटा रक्ताच्या कॅन्सरने गेल्या. पुढच्या वर्षी त्यांचे पती सर दोराबजीही गेले. त्यांच्या नावाच्या ट्रस्टने परळला कॅन्सरचं हॉस्पिटल बांधलं आणि २८ फेब्रुवारी १९४१ ला ते सुरू झालं. तिथल्या प्रयोगशाळांची जबाबदारी डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्याकडे आली. भारतात कॅन्सर नेमका कोणाला होतो, कुठल्या समाजात कुठला जास्त होतो, याची शिस्तीत मोजदाद त्यांनी सुरू केली. पारशी बायकांमध्ये स्तनाच्या कॅन्सरचं प्रमाण जास्त आहे हे त्या काळच्या कामातूनच पुढे आलं. १९५२ मध्ये त्यांच्या पुढाकाराने इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर उभं राहिलं.

खानोलकरांच्या हाताखाली एक मराठी बाई काम करायला आली. कमल रणदिवे, माहेरच्या समर्थ, जन्म ८ नोव्हेंबर १९१७, पुणे. वडिलांची इच्छा होती मुलीने डॉक्टर व्हावं, डॉक्टरशी लग्न करावं. मुलीने वनस्पती निवडल्या. फर्ग्युसनमध्ये शिकल्या आणि पुढे एम.एस्सी.ला अभ्यास कशाचा, तर सीताफळाच्या कुळातल्या झाडांच्या पेशींचा. (सीताफळाच्या आणि लक्ष्मणफळाच्या पानांनी कॅन्सर बरा होतो हाही एक फॉरवर्ड फिरत असतो. त्या कुळाच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली बघून आलेली बाई कॅन्सर संशोधनात आयुष्यभर राबली, आणि तिने कोणाला पानं चावायला सांगितली नाहीत.)

१९४९ मध्ये त्यांनी मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. मिळवली, मग अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला जॉर्ज गे यांच्याकडे पेशी शरीराबाहेर काचेत वाढवायचं तंत्र शिकल्या आणि परत मुंबईत आल्या. इथे त्यांनी देशातली पहिली टिश्यू कल्चर प्रयोगशाळा उभी केली. उंदरांच्या जाती पाळून स्तनाचा कॅन्सर, अनुवंश आणि हार्मोन यांचा संबंध शोधला. १९८२ मध्ये पद्मभूषण मिळालं. आज फेसबुकवर "लॅबमध्ये सिद्ध झालंय" असं वाचलं की मला या बाई आठवतात, कारण लॅबमध्ये सिद्ध होणं म्हणजे काय हे त्यांना पक्कं माहीत होतं. काचेतल्या पेशी मारणं सोपं असतं. अमेरिकेत डेट्रॉइटला एका रुग्ण जोगिणीच्या शरीरातून मिळालेल्या स्तनाच्या कॅन्सरच्या पेशी १९७० पासून प्रयोगशाळेत जिवंत आहेत, एमसीएफ-७ नावाने. जगभरात शेकडो तेलं, अर्क, काढे त्यांच्यावर ओतून झालेत आणि त्यातल्या बऱ्याच तेलांनी पेशी मेल्याही. पण काचेत फिनेल ओतलं तरी पेशी मरतातच. बाईच्या अंगात, रक्तातून, गाठीपर्यंत, बाकीच्या शरीराला इजा न करता ते पोचतं का, हा खरा प्रश्न असतो.

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण संत्र्याचं आहे. नागपूरकडच्या मंडळींना आवडेल. संत्र्याच्या सालीच्या तेलात नव्वद टक्क्यांहून जास्त भाग लिमोनीन नावाच्या द्रव्याचा असतो, सोलताना डोळ्यात उडतं तेच. १९८० च्या दशकात अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात उंदरांना ते खायला घातलं. त्यांच्या स्तनातल्या गाठी कमी झाल्या, काही आटल्या. मोठी आशा निर्माण झाली. मग माणसांवर चाचण्या झाल्या. १९९८ मध्ये लंडनच्या एका चाचणीत स्तनाच्या कॅन्सरच्या एका रुग्ण बाईची गाठ खरंच आटली आणि ११ महिने तशीच राहिली. म्हणून त्याच आजाराच्या आणखी १० बायकांना ते दिलं. दहापैकी एकीचीही गाठ आटली नाही. लिमोनीनचाच भाऊ, पेरिलिल अल्कोहोल, त्याच्याही चाचण्या झाल्या. २००८ मध्ये छापून आलेल्या निकालात आजार पसरलेल्या बायकांना त्याचा फायदा दिसला नाही. २०१३ मध्ये ४३ बायकांना ऑपरेशनच्या आधी काही आठवडे लिमोनीन दिलं, तर ते स्तनाच्या चरबीत जाऊन साठतं आणि पेशींच्या वाढीची एक खूण थोडी खाली येते, एवढं दिसलं. म्हणजे दार पूर्ण बंद नाही. पण ज्या एकीची गाठ आटली तिची गोष्ट तेवढी फॉरवर्ड होते, त्या दहा जणींची होत नाही.

मग एरंडेल नक्की कुठे आलं?

इथे आपल्या महाराष्ट्राचा दुसरा माणूस येतो. मनसुख वाणी, जन्म १९२५, नंदुरबार. मुंबई विद्यापीठात रसायनशास्त्र शिकले, अमेरिकेत गेले आणि तिथे मन्रो वॉल यांच्याबरोबर झाडांमधून कॅन्सरची औषधं शोधायला लागले. १९६२ मध्ये अमेरिकेच्या वायव्य भागातल्या जंगलातून यू नावाच्या झाडाची साल गोळा केली गेली होती. तिच्यातलं नेमकं द्रव्य वेगळं करून त्याची रचना वॉल आणि वाणी यांनी १९७१ मध्ये जगापुढे ठेवली. नाव टॅक्सॉल, आता आपण पॅक्लिटॅक्सेल म्हणतो. (याच जोडीने १९६६ मध्ये चीनमधल्या एका झाडातून कॅम्पटोथेसिन शोधलं होतं. आपल्या सह्याद्रीतल्या ज्या नरक्याच्या तस्करीच्या बातम्या येतात, तिच्यातही तेच द्रव्य असतं.)

औषध मिळालं, पण अडचण मोठी होती. पॅक्लिटॅक्सेल पाण्यात विरघळतच नाही. आणि जे विरघळत नाही ते शिरेतून देणार कसं? तेव्हा कामाला आलं एरंडेल. एरंडेलावर रासायनिक प्रक्रिया करून बनवलेला क्रेमोफोर नावाचा दाट पदार्थ आणि अल्कोहोल, या दोघांत ते विरघळलं. नेहमीच्या पॅक्लिटॅक्सेलच्या दर मिलिलिटरमध्ये औषध असतं ६ मिलिग्रॅम आणि एरंडेलापासून केलेला हा पदार्थ असतो ५२७ मिलिग्रॅम. समजा एका बाईला ३०० मिलिग्रॅमचा डोस आहे, तर त्या ५० मिलिलिटरबरोबर २६ ग्रॅमहून जास्त क्रेमोफोर तिच्या शिरेत जातं.

हे फुकट मिळालं नाही. १९८० च्या दशकात पहिल्या चाचण्यांमध्ये काही रुग्णांना इतकी जबर अ‍ॅलर्जी आली, की सगळं काम थांबायची वेळ आली होती. त्यामागे मुख्य संशयित हेच क्रेमोफोर होतं. मग डॉक्टरांनी वाट काढली. औषध हळूहळू सोडायचं आणि आधी अ‍ॅलर्जी दाबणारी इंजेक्शनं द्यायची. तुमच्यापैकी जे कोणी घरच्या बाईला केमोला घेऊन गेले असतील त्यांनी पाहिलं असेल, मुख्य बाटली लावायच्या आधी सिस्टर दोन-तीन छोटी इंजेक्शनं देतात आणि पहिली काही मिनिटं लक्ष ठेवून असतात. पॅक्लिटॅक्सेलच्या वेळी हा सगळा बंदोबस्त बराचसा त्या एरंडेलाच्या पोराचा असतो. १९९२ मध्ये अमेरिकेत या औषधाला अंडाशयाच्या कॅन्सरसाठी मंजुरी मिळाली आणि १९९४ मध्ये स्तनाच्या कॅन्सरसाठी. साल गोळा केल्यापासून ३२ वर्षं. २००५ मध्ये क्रेमोफोरशिवायचा, प्रथिनाला बांधलेला प्रकारही आला.

दुसरं औषध फुलवेस्ट्रँट. हार्मोनवर वाढणाऱ्या, पसरलेल्या कॅन्सरसाठी, २००२ पासून वापरात. ते तर सरळ एरंडेलातच मिसळलेलं असतं. दोन्ही कुल्ल्यांत पाच-पाच मिलिलिटरचं दाट इंजेक्शन, सुरुवातीला पंधरा दिवसांनी आणि मग महिन्याने. तेल स्नायूत साठून राहतं आणि औषध महिनाभर थोडं थोडं सोडत राहतं. इथे एरंडेलाचं काम कोठाराचं आहे. दोन्ही ठिकाणी ते औषधाचं वाहन आहे. गाठीवर काम करतं ते आत बसलेलं औषध.

जगातल्या एरंडीचा सगळ्यात मोठा वाटा आपल्या देशात पिकतो, त्यातला बहुतेक शेजारच्या गुजरातेत. त्याचा अभिमान जरूर बाळगावा. पण घरी बिया कुटून प्रयोग करू नका. एरंडीच्या बीमध्ये रिसिन नावाचं जहाल विष असतं. ते चोथ्यात राहतं म्हणून गाळलेलं तेल चालतं.

तेलाचा साधा, घरगुती उपयोग काहीच नाही का? आहे, तोही तपासून बघायचं काम चालू आहे. रेडिएशन, ज्याला आपल्याकडे शेक म्हणतात, त्याने कातडी भाजल्यासारखी होते. मंगळूरच्या डॉक्टरांनी हळद आणि चंदनाचं तेल असलेली, आपल्या सगळ्यांच्या ओळखीची विको टर्मरिक क्रीम आधी डोक्या-मानेच्या कॅन्सरच्या ५० रुग्णांवर आणि नंतर स्तनाच्या कॅन्सरच्या रुग्णांवर वापरून बघितली. कातडीचा त्रास उशिरा आणि कमी झाला असं दिसलं. अभ्यास लहान आहेत, पण मार्ग बरोबर आहे. हा उपचार चालू असताना त्रास कमी करण्याचा भाग झाला, उपचाराच्या जागी काही घेण्याचा नाही. आणि तेही आपल्या मनाने लावू नका, शेक देणाऱ्या डॉक्टरांना विचारूनच लावा.

आता आपल्या गावाचं बोलतो. भिवंडीत बाईला गाठ लागली तर ती कोणाला सांगते? बहुतेक वेळा कोणालाच नाही. लाज वाटते. घरात मालक बारा तास लूमवर, मुलं लहान, स्वतः घरी बसून धागे कापतेय. परळ म्हणजे अंजूरफाटा, कशेळी, बाळकूमचं ट्रॅफिक, मग ठाण्याहून लोकल, मग डॉ. अर्नेस्ट बोर्जेस मार्गावरची ती रांग. एक दिवस गेला म्हणजे एक दिवसाची मजुरी गेली. अशा वेळी बाटलीतलं तेल हाताशी असतं, स्वस्त असतं आणि कोणापुढे पदर बाजूला करावा लागत नाही. म्हणून तो फॉरवर्ड चालतो. आपल्या शेजारच्या कल्याणच्या आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये समुद्र ओलांडून डॉक्टर व्हायला गेल्या, त्याचं एक मोठं कारण हेच होतं, की इथल्या बायका पुरुष डॉक्टरांना आपलं दुखणं दाखवत नव्हत्या. दीडशे वर्षं होत आली, ती लाज अजून आपल्या घरात आहे.

त्या लाजेवर उत्तरही मुंबईतच सापडलंय. १९९८ पासून टाटाच्या डॉ. इंद्रनील मित्रा आणि सहकाऱ्यांनी मुंबईच्या वस्त्यांमधल्या ३५ ते ६४ वयाच्या १,५१,५३८ बायकांचा वीस वर्षं अभ्यास केला. अर्ध्या वस्त्यांमध्ये शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी हाताने छाती तपासायच्या. ना मशीन, ना मोठा खर्च. २०२१ मध्ये निकाल छापून आला. त्या वस्त्यांमध्ये कॅन्सर लवकरच्या टप्प्यात सापडले, आणि पन्नाशीच्या पुढच्या बायकांमध्ये स्तनाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आतल्या बायकांमध्ये मृत्यूंत तसा ठळक फरक दिसला नाही, हेही त्यांनी लपवलं नाही.

हाताने चोळण्यापेक्षा हाताने तपासणं किती कामाचं आहे बघा.

म्हणून ताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर. गाठ लागली, स्तनाग्र आत ओढलं गेलं, त्यातून रक्तासारखं पाणी आलं, कातडी संत्र्याच्या सालीसारखी झाली, काखेत गोळा आला, तर तेलाची बाटली बाजूला ठेवा आणि त्याच आठवड्यात दाखवा. आपल्या आयजीएम हॉस्पिटलला किंवा जवळच्या आरोग्य केंद्रात जा, "बाई डॉक्टर किंवा सिस्टर पाहिजे" असं बिनधास्त सांगा. तीस वर्षांवरच्या बायकांची अशी तपासणी सरकारी आरोग्य कार्यक्रमातच आहे. बहुतेक गाठी कॅन्सरच्या नसतात, पण ते ठरवायला सुईने तपासावं लागतं, चोळून कळत नाही. खर्चाची भीती असेल तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार बसतात, रेशन कार्ड आणि आधार बरोबर ठेवा.

आणि पुरुषांनो, तुमच्यासाठी एकच. घरी गेल्यावर विचारा, "तुला कुठे गाठ-बिठ लागत नाही ना?" ती नाही म्हणेल. पुन्हा एकदा विचारा. आणि लागत असेल तर एक दिवस लूम बंद राहिला तरी चालेल, तिच्याबरोबर जा.

तो फॉरवर्ड तुमच्याही ग्रुपवर आला असेल, तर त्याच्या खाली ही पोस्ट टाका. भांडू नका, फक्त टाका.